'ग्रिफॉन'चं मॉडेल करायचंय? आधी तारीख ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: १६७९ साली उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या महासरोवरांवर कातड्यांच्या व्यापारासाठी बांधलेल्या 'ग्रिफॉन' या फ्रेंच जहाजाचं लाकडी मॉडेल १:४८ स्केलला करायचं आहे. दोन प्लॅन मिळाले. एकात जहाज ४५ टनांचं, दोन डोलकाठ्यांचं. दुसऱ्यात ६० टनांचं, सात तोफांचं, युद्धनौकेसारखं नटवलेलं. खरा कोणता? शिवाय, पहिल्याच फेरीत बेपत्ता झालं म्हणजे बांधणीच कच्ची होती का, आणि ते मॉडेलमध्ये दाखवायचं का?

खरा प्लॅन कोणताच नाही. जहाज बांधणाऱ्यांनी आराखडा मागे ठेवलेला नाही. तुमच्याकडे आहेत ते दोन्ही नंतर कोणीतरी बांधलेले अंदाज आहेत. जुनं म्हणून जे बांधणीचं चित्र सगळीकडे फिरतं, तेही युरोपात बसून कोरलेलं आहे. कोरणाऱ्याने जहाज पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे 'कोणता प्लॅन बरोबर' यापेक्षा 'कोणत्या दिवसाचं जहाज दाखवायचंय' हे आधी ठरवणं जास्त उपयोगाचं आहे. पंचवीस वर्षं चाललेल्या जहाजाचं सरासरी रूप दाखवता येतं. हे जहाज ७ ऑगस्ट १६७९ला निघालं आणि १८ सप्टेंबरला शेवटचं दिसलं. सहा आठवड्यांत सरासरी रूप तयारच होत नाही. रंग, शिडं, पाण्याची रेषा, डेकवरचं सामान, सगळं तारखेवर ठरतं.

आधी आकार. मूळ नोंदींत टनेज कुठे ४०, कुठे ४५, कुठे ६० असं येतं. मोठा फरक वाटतो, पण जहाजाच्या आकाराचा टन हे घनफळाचं माप आहे, त्यामुळे लांबी-रुंदीत तो फारसा दिसत नाही. हिशेब करून बघा. जहाजाचा मालक ला साल याने 'ग्रिफॉन' गेल्यावर लगेच, १६८०च्या सुरुवातीला, इलिनॉय नदीवर क्रेवकर किल्ल्यापाशी दुसरं जहाज बांधायला घेतलं. त्याची मापं नोंदलेली आहेत: पठाण (तळाशी लांबीभर जाणारा कणा) ४२ फूट, रुंदी १२ फूट, जहाज साधारण ४० टनी. हे फूट जुने फ्रेंच, एक म्हणजे ३२.५ सेंटिमीटर. ते इंग्रजी फुटांत बदलायचे आणि इंग्रजी गोदीतला जुना ठोकताळा लावायचा: पठाणाची लांबी गुणिले रुंदी गुणिले अर्धी रुंदी, भागिले ९४. उत्तर ३९ येतं, म्हणजे ठोकताळा इथे चालतो. आता पठाण तेवढाच ठेवून रुंदी १३ फूट केली की पावणेशेचाळीस टन. ४५ टनी 'ग्रिफॉन'साठी मी हीच मापं धरतो: पठाण १३.६ मीटर, रुंदी ४.२ मीटर, डेकवरून एकूण लांबी १६ मीटरच्या आसपास. १:४८ला पठाण २८४ मिलिमीटर, रुंदी ८८, एकूण ३३३.

६० टनांसाठी तोच हिशेब उलटा केला तर पठाण ४८ फ्रेंच फूट आणि रुंदी १४ येते. मॉडेलमध्ये पठाण ३२५ मिलिमीटर, रुंदी ९५. चार सेंटिमीटर लांबी आणि सात मिलिमीटर रुंदी, एवढ्याचाच हा वाद! तुमच्या दुसऱ्या प्लॅनची खरी अडचण टनेज नाही, नटवेपणा आहे. त्यावर पुढे येतोच.

तळ किती खोल ठेवायचा हे मार्गावरून ठरतं. जहाज नायगारा धबधब्याच्या वरच्या अंगाला बांधलं. तिथून ईरी सरोवरात शिरताना नदीच्या जोरदार प्रवाहाविरुद्ध जायचं होतं. नुसत्या शिडांवर ते जमेना, तेव्हा वाऱ्याची वाट पाहून बारा माणसं काठावर उतरली आणि दोर ओढत जहाज वर नेलं. पुढे सेंट क्लेअर सरोवर आणि त्याच्या तोंडाशी असलेला उथळ वाळूचा पट्टा. तिथे खोली मोजत मोजत वाट काढावी लागली. तळ खोल असलेलं जहाज इथून गेलंच नसतं. मी पाण्याखालचा भाग १.७ मीटर धरतो, मॉडेलवर ३५ मिलिमीटर. मधला छेद इंग्रजी 'यू'सारखा, तळ बराचसा सपाट, पुढचं टोक गुबगुबीत. धारदार नाळ (पुढच्या टोकाची कड) आणि 'व्ही'सारखा तळ काढलेला प्लॅन दिसला तर तो नंतरच्या काळातल्या स्कूनर जातीच्या शिडाच्या जहाजावरून उचललेला आहे असं समजा.

आता तारीख. तीन पर्याय आहेत, आणि तुमच्याकडे जागा आणि सवड किती यावर निवड अवलंबून आहे.

पहिला, १६७९चा वसंत: जहाज नुकतंच पाण्यात लोटलेलं, पण अपुरं. पठाण २६ जानेवारीला बसवला होता. ला साल सामान आणायला फ्रोंतेनाक किल्ल्याकडे परत गेला आणि काम त्याचा साथीदार टोंटी याच्यावर सोपवलं. ही भूमी तिथल्या मूळ रहिवासी सेनेका लोकांची. त्यांना आपल्या दारात हे तरंगतं ठाणं नको होतं. त्यांनी मका विकायचं थांबवलं, लोहारावर एकदा हल्ला झाला, आणि सांगाडा जाळून टाकण्याचा बेत असल्याची कुणकुण लागली. म्हणून सुतारांनी काम पुरं व्हायच्या आधीच जहाज पाण्यात लोटलं आणि नदीत नांगरून ठेवलं. हा पर्याय घेतलात तर डोलकाठ्या नाहीत, दोरखंड नाहीत. फक्त कवच, अर्धवट डेक आणि मचाणं. दोरकामाचा कंटाळा असणाऱ्यांना उत्तम, आणि असं मॉडेल फारसं कोणी करत नाही.

दुसरा, ७ ऑगस्ट: पूर्ण सज्ज जहाज, तीसेक माणसं, तोफा, अन्नसामान, मागे झाडाच्या सालीचे पडाव. कपाटात ठेवायचं मॉडेल असेल तर मी हाच दिवस सुचवेन.

तिसरा, १८ सप्टेंबर: मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे या खाडीच्या तोंडाशी कातडी भरून परत निघालेलं जहाज. हे करायचं तर पाण्याची रेषा नीट सोडवावी लागते, आणि इथेच बहुतेक मॉडेलं चुकतात. फ्रेंच नौकानयनाच्या १६८१च्या हुकुमाने एक टन म्हणजे ४२ घन फ्रेंच फूट ठरवलं, म्हणजे १.४४ घनमीटर. ४५ टनांचं पोट म्हणून साधारण ६५ घनमीटर. कातड्याचे गठ्ठे हलके असतात. पुढे कनूंच्या, म्हणजे सालीच्या पडावांच्या, व्यापारात रूढ झालेला गठ्ठा ९० पौंडांचा, म्हणजे ४१ किलोंचा. असा एक गठ्ठा ०.१ घनमीटरच्या थोडा वर जागा खातो. सांदीकोपऱ्यांतली जागा सोडली तर पोट भरगच्च भरूनही पाचशेच्या आसपास गठ्ठे बसतात, वजन वीस टन. ४५ टनांसाठी बांधलेल्या जहाजावर वीस टनांचा माल म्हणजे पोट भरलं तरी जहाज उचललेलं. अशा जहाजाला एक सेंटिमीटर बुडवायला साधारण चारशे किलो लागतात. पंचवीस टन कमी पडले तर ते जवळजवळ साठ सेंटिमीटर वर तरंगेल. तळाशी नीरम म्हणून, म्हणजे जहाज स्थिर राहावं म्हणून, दगड टाकले असणार, त्यामुळे अर्धा फरक भरून निघाला असं धरा. मॉडेलवर पाण्याची रेषा ऑगस्टच्या रेषेपेक्षा सहा-सात मिलिमीटर खाली येते. डोळ्याला एवढं पुरतं. बघणाऱ्याला जहाज हलकं आणि जरा डगमगतं वाटतं, आणि ते तसंच होतं.

आता कच्च्या बांधणीचा प्रश्न. जहाज तुटकं नव्हतं. ऑगस्टच्या अखेरीस ह्यूरॉन सरोवरात त्याला मोठं वादळ लागलं. वरच्या काठ्या उतरवून, परबाणं (शिडांच्या आडव्या काठ्या) डेकवर बांधून ते वाऱ्यावर सोडून द्यावं लागलं. सुकाणू सांभाळणारा ल्यूक, जन्मभर खाऱ्या पाण्यावर काढलेला माणूस, गोड्या पाण्याच्या तळ्यात मरायला आणलंस म्हणून ला सालला शिव्या देत होता. कवच त्यातून धड बाहेर पडलं आणि २७ ऑगस्टला ह्यूरॉन आणि मिशिगन सरोवरांमधल्या मिशिलिमॅकिनॅकला पोहोचलं. बांधणीतला दोष पहिल्या वादळात उघडा पडतो. इथे तसं झालं नाही.

उणीव होती ती लाकडाच्या वयात. झाडं हिवाळ्यात तोडली आणि वाळवायला वेळ न देता लावली. ओली ओकची २५ सेंटिमीटर रुंद फळी पुरती वाळेपर्यंत सेंटिमीटरभर आकसू शकते. पाण्याखालच्या फळ्या फुगलेल्याच राहतात, तिथे चिंता नसते. पाण्यावरच्या फळ्या ऑगस्टच्या उन्हात वाळायला लागतात आणि फटींत ठासलेले डांबरी तंतू सैल होतात. शांत पाण्यात याचा पत्ता लागत नाही. जहाज एका अंगावर कललं की त्याच फटी पाण्याखाली जातात, आणि सतत उपसा करावा लागतो. ऑगस्टमध्ये उपसायला तीस माणसं होती. १८ सप्टेंबरला ल्यूक आणि पाच जण. त्याच रात्री वारा उठला आणि वादळ चार दिवस चाललं. ला साल स्वतः पडावांतून दक्षिणेकडे निघाला होता, त्याचीही माणसं जेमतेम किनाऱ्याला लागली. समुद्रात वादळ आलं तर वाऱ्यापुढे पळायला जागा असते. मिशिगन सरोवराच्या उत्तर टोकाला बेटं आणि खडकाळ उथळ जागा आहेत, लाटा आखूड आणि उभ्या असतात, आणि नकाशा कोणाकडेच नव्हता. जहाज नेमकं कुठे आणि कसं गेलं ते सिद्ध झालेलं नाही. खलाशांनीच माल लुटून जहाज बुडवलं असा संशय ला सालने पुढे धरला. त्याचं कारण समजण्यासारखं आहे: सावकारांचे पैसे याच कातड्यांतून फेडायचे होते, आणि क्रेवकरच्या जहाजासाठी लागणारं सामान याच जहाजाने परत येताना आणायचं होतं. पण सहा माणसं, चार दिवसांचं वादळ आणि ओलं लाकूड एवढ्याने काम भागतं. कटाची गरज नाही, असं माझं मत.

म्हणून मॉडेलमध्ये 'कच्चेपणा' वाकड्या फळ्यांनी दाखवू नका. सुतार कसबी होते. लाकूड नवं होतं, एवढंच दाखवा.

ते कसं दाखवायचं? जुनाट छटा, झिजलेलं डेक, ठिगळांची शिडं यांतलं काही नको. ताजं कापलेलं ओक फिकट पिवळट असतं. त्यातल्या टॅनिनमुळे लोखंडी खिळ्याभोवती ओल लागली की काही दिवसांतच निळसर काळा ओघळ उतरतो. हे ओघळ या जहाजावर नक्की असणार. खिळ्याच्या खाली तीन-चार मिलिमीटरचा, पातळ केलेल्या काळ्या-निळ्या रंगाचा एकेक फराटा, तोही सगळीकडे नाही. पाण्याखाली डांबराचा काळपट तपकिरी हात. तांब्याचा पत्रा अजिबात नको. लाकूड पोखरणारी कीड खाऱ्या पाण्यातली, आणि तांबं लावायची पद्धत ब्रिटिश आरमारानेही १७६१मध्ये प्रयोग म्हणून सुरू केली. डिसेंबर १७८५मध्ये समुद्री पाणमांजराच्या कातड्यांसाठी मुंबईहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे निघालेल्या शंभर टनी 'एक्सपेरिमेंट'चं मॉडेल कोणी केलं तर तिथे तांब्याचा प्रश्न विचारात घ्यावा लागेल. 'ग्रिफॉन'ला तो लागू नाही.

लाकूड: सागवान वापरू नका. त्याची छिद्रं १:४८ला हाताच्या बोटाएवढ्या भोकांसारखी दिसतात. हळदू घ्या, रेषा बारीक आणि रंग ताज्या ओकच्या जवळचा. हळदू मिळालं नाही तर शिवण. सांगाड्याला ३ मिलिमीटर प्लायचे ११ आडवे छेद, २५ मिलिमीटर अंतराने. पहिला थर दीड मिलिमीटरच्या मऊ लाकडाचा, त्यावर हळदूच्या ०.६ × ५ मिलिमीटर पट्ट्या. पाच मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात २४ सेंटिमीटरची फळी, बरोबर बसतं. मधल्या छेदाशी एका बाजूला १७-१८ पट्ट्या लागतात. दोन्ही बाजू आणि वाया जाणाऱ्या धरून वरच्या थराला ४५ पट्ट्या कापून ठेवा, प्रत्येकी ३५० मिलिमीटर. ही झाली चिकटवायची लांबी. खऱ्या फळ्या सहा मीटरच्या आसपास असणार, म्हणून दर १२५ मिलिमीटरला सांध्याची खूण करा, आणि शेजारच्या पट्टीचा सांधा त्याच रेषेत येऊ देऊ नका.

गुबगुबीत टोकाशी घेर कमी होतो, तिथे प्रत्येक पट्टी पाचवरून तीनपर्यंत निमुळती करावी लागते. अडीचच्या खाली जाऊ नका. त्याऐवजी एक पट्टी मध्येच संपवून दुसरीत खाचेने बसवा. पट्ट्या गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवायच्या, वाकवून साच्यावर सुकू द्यायच्या आणि मगच चिकटवायच्या. ओली पट्टी चिकटवली की सुकताना आकसते आणि फट पडते. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे असंच जा. एका बाजूचं काम आधी संपवलंत तर पठाणाला पीळ बसतो आणि तो नंतर कशानेही निघत नाही. मुंबई-कोकणात हे काम जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. पावसाळ्यात फुगलेल्या पट्ट्या डिसेंबरात फटी दाखवतात. कापलेल्या पट्ट्या ज्या खोलीत मॉडेल राहणार तिथेच दोन-तीन आठवडे ठेवा. फटींतलं डांबर दाखवायला पट्टीच्या कडेला ६बी पेन्सिल फिरवली की पुरे; काळा दोरा भरू नका.

आता नटवेपणा. जहाजाबरोबर असलेल्या फादर हेनेपिनच्या वर्णनात पुढच्या टोकावर उडता ग्रिफिन आणि त्याच्या वर गरुड आहे. ग्रिफिन गव्हर्नर फ्रोंतेनाकच्या कुलचिन्हातला, त्यावरूनच नाव. तेव्हा तो ठेवाच, पण जंगलात, अर्धपोटी सुतारांनी सहा महिन्यांत उरकलेल्या जहाजावरचा ठेवा: अठरा-वीस मिलिमीटर उंच, कुऱ्हाड-पटाशीच्या हाताचा, सोनेरी वर्ख नाही. मागच्या भागाला दोन साध्या खिडक्या बस. तोफांची नोंद एके ठिकाणी सातची आहे, दुसऱ्या ठिकाणी पाच छोट्या तोफा, त्यांतल्या दोन पितळी, आणि वर तीन आकडीच्या जड बंदुका. मी दुसरी घेतो, कारण ती तपशिलाची आहे. दोन-दोन बाजूंना, एक मागे. लांबी २५ मिलिमीटरच्या वर नको. किटमध्ये येणारी ४० मिलिमीटरची तोफ म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ दोन मीटर, हे डेक तिच्या धक्क्याला पुरणार नाही.

नांगराचंही तेच. सामान धबधब्याला वळसा घालून माणसांच्या खांद्यावरून वर न्यावं लागलं, आणि सगळ्यांत मोठा नांगर चढावर न्यायला चार माणसं लागली, वर त्यांना ब्रँडी पाजावी लागली. चार माणसं म्हणजे दीडशे ते दोनशे किलो. असा नांगर दोन मीटरच्या आत असतो, मॉडेलवर चार सेंटिमीटर. किटमधला सहाचा टाकून द्या.

डोलकाठ्या दोन, वादळात वरची काठी उतरवल्याचा उल्लेख असल्यामुळे मोठी काठी तरी दोन तुकड्यांची हवीच. ताणाचे दोर गडद तपकिरी, ओढायचे दोर फिकट. शिडांना मांजरपाट जाड पडतो, तलम केंब्रिक घ्या आणि चहाच्या पाण्यात एकदाच बुडवा. कापडाच्या पट्ट्यांच्या शिवणी दर १२ मिलिमीटरला पेन्सिलने काढा. टाके घातले की या स्केलला ते दोरखंडासारखे दिसतात.

मलब्याबद्दलही विचारलं जाईल म्हणून लिहितो. मिशिगन सरोवराच्या उत्तर भागात २००१मध्ये तळातून वर आलेलं एक लाकूड सापडलं आणि ते 'ग्रिफॉन'चं असल्याचा दावा झाला. २०१३मध्ये खोदून पाहिलं तर खाली जहाज नव्हतं. वीसेक फुटांचं ते लाकूड नाळेपुढची काठी आहे की मासेमारीच्या जाळ्याचा खुंट, यावरच तज्ज्ञांत मतभेद झाले. अशा दाव्यांवरून मापं बदलू नका. पाटीवर मात्र 'पुनर्रचना, ४५ टन धरून' आणि निवडलेली तारीख लिहा.

पहिला थर चिकटवण्याआधी अकराही छेद पठाणावर नुसते बसवून, वरून आणि समोरून फोटो काढून इथे टाका. टोकाकडच्या दोन छेदांच्या कडा तासायच्या राहून जातात, आणि तेवढं त्या फोटोत दिसतं.